बॅग गाडीत, सॅक पाठीवर: कामिनोच्या प्रवाशांसाठी माहितीपत्रक

स्पेनमधल्या ‘कामिनो’ या जुन्या यात्रामार्गावरच्या सारिया ते सांतियागो दे कॉम्पोस्तेला या आमच्या पदयात्रेसाठी नाव नोंदवल्यावर बहुतेक ग्राहक तीन प्रश्न विचारतात: रोज किती चालायचे, शाकाहारी जेवण मिळेल का आणि थंडी किती असेल. सकाळी गाडीत गेलेली मोठी बॅग पुन्हा केव्हा हाती येते, हा चौथा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारते, आणि वाटेवरचा आमचा सर्वाधिक वेळ त्याच प्रश्नापायी जातो. ती बॅग संध्याकाळी, पुढच्या मुक्कामीच हाती येते. मधल्या सात-आठ तासांत ती आमच्याही हाती नसते. तयारीच्या बैठकीत हे आम्ही दोनदा सांगतो, तरीही प्रत्येक गटात किमान एकाचा रेनकोट किंवा पासपोर्ट त्या बॅगेतच राहतो, म्हणून आता ते लिहून देत आहोत.

मार्गाची ओळख आपल्याला बैठकीत झालीच आहे. फ्रान्सच्या सीमेवरून निघणारा ‘फ्रेंच कामिनो’ सुमारे ७८० किलोमीटरचा आहे आणि आपण त्यातला गालिसिया प्रांतातला शेवटचा सुमारे ११५ किलोमीटरचा टप्पा चालतो. पायी येणाऱ्या यात्रेकरूला ‘कॉम्पोस्तेला’ हे प्रमाणपत्र मिळण्यासाठी किमान १०० किलोमीटर चालावे लागते आणि त्या वाटेवर दररोज किमान दोन शिक्के घ्यावे लागतात. सारिया हे त्या मर्यादेहून जरासे जास्त अंतरावरचे सोयीचे गाव असल्यामुळे सर्वांत जास्त यात्रेकरू तिथूनच चालायला लागतात. शिक्के ज्या घडीच्या पुस्तिकेत घ्यायचे तिला ‘क्रेदेन्सियाल’ म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवावा, कारण पुढच्या तक्रारीत तो पुन्हा येणार आहे.

बॅग कशी जाते

रोज सकाळी आठच्या आत आपली मोठी बॅग, कुलूप लावून, मुक्कामाच्या स्वागतकक्षात ठेवावी. तिच्यावर पुढच्या मुक्कामाच्या नावाची चिठ्ठी आमचा मार्गदर्शक स्वतः बांधतो. सामान नेणारा चालक आमचा नोकर नसतो. त्याला गावातल्या सगळ्या मुक्कामांवरून शेकडो यात्रेकरूंच्या बॅगा गोळा करायच्या असतात, त्यामुळे दात घासायचे राहिलेल्या एका प्रवाशासाठी तो थांबत नाही आणि थांबावे अशी आमची अपेक्षाही नसते. दुपारी दोन-अडीचपर्यंत बॅग पुढच्या मुक्कामी पोहोचते, म्हणजे आपण चालत पोहोचता तेव्हा ती बहुधा जिन्याखाली आपली वाट पाहत असते.

माणशी एक बॅग आणि १५ किलो ही मर्यादा आमची आहे. ती फार कडक वाटते, असे काही ग्राहकांनी कळवले आहे. आपण राहतो त्यांतली बरीचशी घरे जुनी, दगडी बांधणीची, दोन मजली आहेत. त्यांना लिफ्ट नसते आणि आपली बॅग त्या अरुंद जिन्यावरून बहुतेक वेळा घराची मालकीणच वर नेते. शिवाय सहा दिवसांसाठी १५ किलो पुरत नाहीत, असा ग्राहक आम्हाला अजून भेटलेला नाही. पुरत नाहीत असे वाटणारे मात्र अनेक भेटले आहेत.

नेमकी चूक

चूक अशी होते की हॉटेलात झोपायचे असल्यामुळे आपण मनाने पर्यटक राहतो, आणि पर्यटकाची महत्त्वाची वस्तू सुरक्षित म्हणजे मोठ्या बॅगेत, तळाशी, कपड्यांच्या घडीत असते. चालणाऱ्याची महत्त्वाची वस्तू त्याच्या अंगावर किंवा पाठीवर असावी लागते.

मागे एका गटात पालास दे रेई हे मुक्कामाचे गाव सोडून तासभर झाला असेल, एवढ्यात पाऊस लागला. गालिसियाचा पाऊस कोकणातल्यासारखा कोसळत नाही. आधी धुके दाटते, मग त्यातूनच बारीक झिमझिम सुरू होते आणि माणूस भिजला हे त्याच्या लक्षात येईपर्यंत मोजे ओले झालेले असतात. एका ज्येष्ठ काकांनी खास या यात्रेसाठी घेतलेला उंची रेनकोट बॅगेत होता आणि बॅग तोवर पुढच्या मुक्कामाच्या, मेलिदेच्या रस्त्याला लागली होती. ती परत मागवता येईल का, असे त्यांनी विचारले. येत नाही, आणि त्याला चालकाचा हट्ट कारण नसतो. ही वाट बराच वेळ ओकच्या झाडीतून आणि दोन्ही बाजूंच्या दगडी बांधांमधून जाते. तिथे गाडी शिरतच नाही. वाट डांबरी रस्त्याला मिळते तिथवर आधी चालावे लागते, तिथे टॅक्सी बोलवावी लागते आणि ती येईपर्यंत गटाला उभे राहावे लागते. त्या दिवशी आमच्या मार्गदर्शकाने स्वतःचा पोंचो काकांना दिला आणि तो स्वतः भिजत चालला. संध्याकाळी बॅग उघडली तेव्हा त्या रेनकोटाला दुकानाची चिठ्ठीही तशीच लटकत होती.

ओले मोजे ही गमतीची बाब नाही. ओल्या मोज्यात त्वचा मऊ पडते, बूट तिला घासतो, टाचेला फोड येतो आणि मग पुढचे चार दिवस तो माणूस ताशी चारऐवजी अडीच किलोमीटर चालतो व गटही त्याच्याबरोबर. म्हणून मोज्यांचा एक कोरडा जोड सॅकमध्ये असावा. टाचेला नुसते चुरचुरले तरी तिथल्या तिथे थांबून, बूट काढून, पट्टी लावावी. पाच मिनिटे थांबण्याचा संकोच करणाऱ्याने पुढे गटाचे तास घेतलेले आम्ही पाहिले आहेत.

पासपोर्टचे कारण वेगळे आहे. स्पेनमध्ये मुक्कामाला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याची पासपोर्टवरून नोंद करणे घरमालकावर कायद्याने बंधनकारक आहे, आणि बॅगेला काही कारणाने उशीर झालाच तर तीत पासपोर्ट असलेला प्रवासी खोलीच्या किल्लीसाठी बाकावर बसून राहतो. औषधांचेही असेच. रोज घ्यायच्या गोळ्या किमान तीन दिवस पुरतील इतक्या पाठीवर असाव्यात आणि गोळीच्या व्यापारी नावाऐवजी औषधाचे मूळ नाव लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर ठेवावी. हिरव्या क्रॉसची पाटी असलेली औषधांची दुकाने वाटेवरच्या मोठ्या गावांत आहेत, पण आपल्याकडच्या चिठ्ठीवर तिथे औषध मिळेलच असे गृहीत धरू नये.

राहिला क्रेदेन्सियालचा प्रश्न. एका गटातल्या एक बाई पाच दिवस पुस्तिका गळ्यात अडकवून, अगदी जपून चालल्या. सहाव्या सकाळी मात्र ‘आता काय, पोहोचलोच’ म्हणून त्यांनी ती बॅगेत टाकली. शेवटच्या दिवशी सांतियागोत यात्रेकरूंच्या कार्यालयात आधी क्रमांक घ्यावा लागतो आणि खिडकीपाशी पहिली मागणी पुस्तिकेचीच होते. इतरांच्या हाती प्रमाणपत्रे आली तेव्हा या बाई मुक्कामाच्या दारात बॅगेची वाट पाहत होत्या. त्यांना प्रमाणपत्र मिळाले, पण दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि शहर पाहायचा राखून ठेवलेला अर्धा दिवस रांगेत गेला.

म्हणून सॅक २० लिटरची, भरून चार-पाच किलोची असावी आणि तीत रेनकोट, पासपोर्ट, क्रेदेन्सियाल, औषधे, चष्मा, कोरडे मोजे, एक पातळ स्वेटर, लिटरभर पाणी आणि थोडा खाऊ एवढेच असावे. मे आणि सप्टेंबरमध्ये पहाटे दहा-बारा अंश आणि दुपारी वीसच्या आसपास असे तापमान असते, तेव्हा स्वेटर घालणे-काढणे दिवसभर चालते. शेवटच्या दिवशी एक उलटी सूचना आहे: सांतियागोच्या कॅथेड्रलमध्ये सॅक पाठीवर घेऊन आत सोडत नाहीत, त्यामुळे आम्ही आधी मुक्कामी जाऊन सॅक ठेवतो आणि मगच आत जातो. बाराच्या प्रार्थनेला पोहोचायची ज्यांची इच्छा असेल त्यांनी त्या दिवशी अंधारातच निघण्याची तयारी ठेवावी. स्पेनच्या या पश्चिम टोकाला सूर्य उशिरा उगवतो. सप्टेंबरअखेरीस साडेआठ वाजत आले तरी तो दिसत नाही.

‘सामान गाडीत म्हणजे यात्रा खरी कशी?’

हे आम्हाला टोचून विचारले जाते, बहुधा तरुण ट्रेकर मंडळींकडून. त्यांना आम्ही आळंदीहून पंढरपूरला जाणाऱ्या दिंड्यांकडे पाहायला सांगतो. दिंडीचे सामान, राहुट्या आणि स्वयंपाकाची भांडी ट्रकमधून पुढे जातात, वारकरी खांद्याला पिशवी अडकवून चालतो आणि त्याची वारी खोटी आहे असे म्हणण्याची हिंमत कोणी करत नाही. कामिनोवर तर स्पेनचे टपालखातेच यात्रेकरूंच्या बॅगा पोहोचवण्याची सेवा चालवते. खांद्यावर बारा किलो घेऊन, बंक बेडवर झोपून चालणाऱ्यांविषयी आम्हाला आदर आहे. सरकारी निवासांत आगाऊ नोंदणी होत नाही, जो आधी येईल त्याला खाट मिळते, म्हणून ते पहाटे पाचला विजेऱ्या लावून निघतात. आमच्या ग्राहकांचे सरासरी वय साठीच्या आसपास आहे. त्यांना स्वतंत्र खोली, लागून स्नानगृह, गरम पाणी आणि घोरणाऱ्या अनोळखी माणसांपासून सुटका हवी असते, आणि ती मिळाली की दुसऱ्या दिवशीचे वीस किलोमीटर ते विशीतल्या मुलांच्या बरोबरीने चालतात.

आमचे दर काही कंपन्यांपेक्षा जास्त आहेत, ते मुख्यतः एका रात्रीमुळे. अनेक जण हा टप्पा पाच दिवसांत उरकतात. त्यात पालास दे रेई ते आर्सुआ हा पल्ला एका दमात २९ किलोमीटरचा होतो. आम्ही तो मेलिदेला तोडतो, पहिल्या दिवशी १५ आणि दुसऱ्या दिवशी १४. इतर दिवस सारिया ते पोर्तोमारिन २२, पालास दे रेईपर्यंत २५, आर्सुआ ते ओ पेद्रोउसो १९ आणि शेवटचे २० असे आहेत. चढ-उतारांच्या त्या २९ किलोमीटरांनंतर गुडघे धरून बसलेली माणसे आम्ही आमच्या पहिल्या वर्षी पाहिली आणि सहावी रात्र तेव्हापासून जोडली. जास्तीचा खर्च तिथे आहे.

पहिल्या संध्याकाळी पोर्तोमारिनला पोहोचताना पूल ओलांडून दगडी पायऱ्यांचा एक उंच जिना चढावा लागतो आणि दमलेला माणूस तिथे आम्हाला मनातल्या मनात शिव्या देतो, याची आम्हाला कल्पना आहे. वर मात्र जरूर पाहावे. १९६० च्या दशकात मिन्यो नदीवर धरण झाले, जुने गाव पाण्याखाली गेले आणि तिथले दगडी चर्च एकेक दगड क्रमांक घालून, उतरवून, वर पुन्हा उभारण्यात आले. काही दगडांवर ते आकडे अजून दिसतात. उन्हाळ्यात पाणी उतरले की जुन्या गावाच्या भिंती वर येतात. उजनीच्या पाण्यातले पळसदेवचे देऊळ ज्यांनी पाहिले आहे, त्यांना याहून जास्त सांगायला नको.

जेवणाविषयी थोडक्यात. मेलिदे ऑक्टोपससाठी प्रसिद्ध आहे आणि पालेभाजीच्या साध्या दिसणाऱ्या सूपमध्येही इथे डुकराचे मांस असू शकते, म्हणून शाकाहारी ग्राहकांचे जेवण आम्ही प्रत्येक मुक्कामी आधी कळवतो. अंडे चालत असेल तर बटाट्याचे जाड ऑम्लेट सगळीकडे मिळते. तळलेल्या हिरव्या मिरच्या, आर्सुआकडचे मऊ चीज आणि पाव हेही. मेतकूट, चटणी आणावी, पण मोठ्या बॅगेत.

नाव नोंदवायचे राहिलेल्यांसाठी एक सूचना. ही यात्रा ज्यांच्या नावाने आहे त्या संत याकोबाचा दिवस, २५ जुलै, ज्या वर्षी रविवारी येतो ते वर्ष या यात्रेचे पवित्र वर्ष मानतात आणि पुढचे तसे वर्ष २०२७ आहे. एरवीही वर्षाला सुमारे ५ लाख यात्रेकरूंना प्रमाणपत्र मिळते. त्या वर्षी गर्दी याहून वाढेल हे उघड आहे. आम्ही राहतो त्या घरांत पाच-सहाच खोल्या असतात, त्यामुळे आमचे गट बारांच्या वर जात नाहीत आणि २०२७ साठी आम्ही नावे आत्तापासून घेत आहोत.

निघण्यापूर्वीच्या शेवटच्या शनिवार-रविवारी सलग दोन दिवसांची सराव-पदयात्रा असते. तिला येताना यात्रेचेच बूट, भरलेली सॅक आणि कुलूप लावलेली मोठी बॅग घेऊन यावे. बॅग आम्ही शनिवारी सकाळी आठ वाजता वजन करून कार्यालयात ठेवून घेतो आणि संध्याकाळी सहाला परत देतो. मधल्या वेळात चष्मा, गोळ्या, टोपी किंवा फोनचा चार्जर यांपैकी काहीही हवे असले तरी बॅग उघडून दिली जाणार नाही.