दोनदा कोसळला, तरी जिंकला: कोरालेसच्या दहाव्या राउंडमागचं शरीरशास्त्र

7 मे 2005, लास वेगास. बॉक्सिंगच्या लाइटवेट वजनगटातले दोन जगज्जेते, डब्ल्यूबीओ संघटनेचा डिएगो कोरालेस आणि डब्ल्यूबीसी संघटनेचा होसे लुईस कास्तियो, नऊ राउंड एकमेकांच्या अंगाला अंग लावून लढले. दहाव्या राउंडमध्ये कास्तियोने कोरालेसला दोनदा खाली पाडलं. दोन्ही वेळा कोरालेसचा माउथगार्ड (दातांवरचं संरक्षक कवच) तोंडाबाहेर आला आणि दुसऱ्या वेळी रेफरी टोनी वीक्स यांनी एक गुण कापला. राउंड पुरा झाला असता, तर त्या राउंडचे गुण 10-6 असे कास्तियोच्या पदरात पडले असते. पण 2 मिनिटं 6 सेकंदांवर वीक्स यांनी लढत थांबवली, आणि जिंकला कोरालेस!

हुकने, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारलेल्या ठोशाने, माणूस पडतो तो ठोशाच्या नुसत्या जोरामुळे नाही. हनुवटी हा डोक्याच्या तरफेचा टोकाचा भाग. तिथे बाजूने ठोसा बसला की डोकं झटक्यात फिरतं. आतला सुमारे 1.3 किलोचा मऊ मेंदू कवटीइतक्या चपळाईने फिरू शकत नाही. त्याला पीळ बसतो, चेतातंतू ताणले जातात. जाग आणि तोल सांभाळणारी यंत्रणा विस्कटली की पाय लटपटतात. मान आधीच ताठ असेल तर झटका कमी बसतो. म्हणूनच न दिसलेला ठोसा सर्वांत घातक.

माउथगार्डवरून चाहत्यांमध्ये अजून वाद होतो. तो धुऊन परत बसवण्यात गेलेल्या सेकंदांनीच कोरालेस वाचला, असं अनेकांचं म्हणणं. त्यात तथ्य आहे. खाली पडल्यावर रेफरीने आठपर्यंत मोजणं सक्तीचं असतं. वर मिळालेला प्रत्येक सेकंद तोल परतायला उपयोगी. जोरदार हल्ल्यात स्नायूंमधलं क्रिएटिन फॉस्फेट, म्हणजे झटपट ऊर्जेचा साठा, झपाट्याने संपतं आणि साधारण अर्ध्या मिनिटात त्यातलं निम्मं भरून निघतं. मात्र तेवढाच दम कास्तियोलाही खाता आला. शिवाय मेंदूपेशींमधलं ऊर्जेचं बिघडलेलं गणित पूर्ववत व्हायला काही दिवस लागतात. कोरालेसचे पाय सावरले होते, मेंदू नव्हे.

म्हणून माझ्या मते निकाल ठरला तो पुढच्या देवाणघेवाणीत. कास्तियो संपवायच्या घाईने पुढे आला. कोरालेसचा जबर उजवा ठोसा त्याला लागला. मग दोघांनीही डावा हुक सोडला. कोरालेसचा आधी पोहोचला. पुढे येणाऱ्याच्या बाबतीत दोघांचा वेग एकत्र होतो आणि आघात वाढतो. स्वतःचा ठोसा मारण्यात गुंतलेल्याला चुकवायलाही वेळ उरत नाही. समोरच्याचा डावा हुक आपल्या उजव्या गालावर येतो; तिथला हात एक वीतभर जरी खाली घसरला, तरी वाट मोकळी. दमलेला खांदा हा हात सर्वांत आधी सोडतो.

कास्तियो पडलाच नाही, मग लढत का थांबवली? रिंगभोवतीचे दोर पाठीला टेकू देतात, त्यामुळे शुद्ध हरपत चाललेला माणूसही उभा दिसतो. पडला असता तर मोजणीमुळे ठोसे तरी थांबले असते. दोरांवर टेकलेल्या कास्तियोचे हात खाली गेले होते, तो उलट वार करत नव्हता. अशा वेळी सैल मानेवर बसणारा प्रत्येक ठोसा आधीच्यापेक्षा जास्त डोकं फिरवतो. वीक्स मध्ये पडले ते अगदी योग्य वेळी.