औषधांना न जुमानणारा टीबी: मागची ऐंशी वर्षं

मेळघाट असो की गडचिरोली, एमडीआर टीबीचा, म्हणजे आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन या दोन मुख्य औषधांना न जुमानणाऱ्या टीबीचा रुग्ण निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: "गोया मधातच सोडल्या काय?" वीटभट्टीवरून परतलेला मजूर मान खाली घालून ऐकून घेतो. प्रश्न गैर नाही, पण सगळं खापर त्याच्या माथी फोडणं मला अन्यायाचं वाटतं. या आजाराचा इतिहासच तसं सांगतो.

स्ट्रेप्टोमायसिन 1943 मध्ये सापडलं. 1948 मध्ये ब्रिटनमधल्या चाचणीचे निष्कर्ष आले, तेव्हाच दिसलं की बरे होऊ लागलेले अनेक रुग्ण पुन्हा खालावतात. क्षयजंतू प्रतिकाराचं जनुक दुसऱ्या जंतूंकडून घेत नाही. स्वतःच्या विभाजनात होणाऱ्या चुकांमधूनच त्याचा प्रतिकार घडतो. फुफ्फुसातल्या पोकळीत कोट्यवधी जंतू असतात. त्यांतला साधारण दहा लाखांत एक आयसोनियाझिडला आणि दहा कोटींत एक रिफाम्पिसिनला आधीपासूनच दाद देत नसतो. एकच औषध दिलं की बाकीचे मरतात आणि तो उरतो. म्हणून एकाहून जास्त औषधं एकत्र द्यायची, हे लवकरच ठरलं.

आयसोनियाझिड 1952 मध्ये वापरात आलं. पुढच्याच वर्षी मिडलब्रूक आणि कोहन यांना गिनीपिगमध्ये आढळलं की त्याला न जुमानणारे जंतू दुबळे असतात. त्यामागे कॅटालेज हे विकर (एन्झाइम) होतं. ते आयसोनियाझिडला कामाला लावतं आणि जंतूचं रक्षणही करतं. ते गमावलं की जंतू औषधापासून वाचतो, पण लुळा पडतो. प्रतिकार आला की जोर जातो, हा समज त्यामुळे पुढे बरीच वर्षं टिकला.

रुग्णांच्या थुंकीतले जंतू मात्र वेगळीच वाट काढत होते. कॅटालेज बनवणाऱ्या कॅट-जी जनुकातला 315 या जागेवरचा एक छोटा बदल औषध निकामी करतो, पण विकराचं बरंचसं काम चालू ठेवतो. रिफाम्पिसिनला चकवणाऱ्या बदलाने जंतू मंदावतो, तेव्हा दुसऱ्या जनुकातला बदल ती कसर भरून काढतो. 'बीजिंग' घराण्यातल्या काही जंतूंच्या आवरणात तर असं स्निग्ध द्रव्य सापडलं, की प्रयोगातल्या प्राण्यांची प्रतिकारशक्ती त्याने दबली. त्या घराण्यातले सगळेच जंतू सारखे जहाल नाहीत, हेही खरं. पण 1990 च्या सुमारास याच घराण्यातला एक जंतू न्यूयॉर्कच्या रुग्णालयांत आणि तुरुंगांत पसरला होता. 2006 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या तुगेला फेरी या ग्रामीण भागातून अतिप्रतिरोधक, म्हणजे एमडीआरपेक्षाही जास्त औषधांना न जुमानणाऱ्या टीबीच्या 53 रुग्णांची माहिती आली. बहुतेकांना एचआयव्हीचीही लागण होती. त्यांतले 52 दगावले, आणि निम्म्याहून अधिक जणांनी आधी कधीच टीबीची गोळी घेतलेली नव्हती.

आपल्याकडे 1959 मध्ये मद्रासच्या अभ्यासाने घरी राहून उपचार शक्य असल्याचं दाखवलं. 1997 पासून डॉट्स, म्हणजे देखरेखीखाली गोळ्या देणं आलं, पण गोळ्या आठवड्यातून तीनदाच. ज्यांचा टीबी उलटला, त्यांना जुन्याच औषधांत स्ट्रेप्टोमायसिनची भर घालून दिली जाई. ढासळत्या उपचारात एकच नवं औषध घालणं म्हणजे जंतूला आणखी एक प्रतिकार शिकवणं. सूक्ष्मदर्शकाखाली थुंकीत जंतू दिसत, प्रतिकार दिसत नसे. प्रतिरोधक टीबीचा सरकारी उपचार 2007 मध्ये महाराष्ट्र आणि गुजरातेत सुरू झाला. रोजच्या गोळ्या देशभर यायला 2017 उजाडलं. या उशिराचा हिशेब रुग्णाकडे का मागायचा?

2014 ते 16 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात आधी उपचार घेतलेल्यांत 11.60 टक्के एमडीआर निघाले, नव्या रुग्णांत 2.84 टक्के. या नव्यांनी गोळ्या सोडल्या नव्हत्या. भट्टीवरच्या एका खोपटात शेजारी झोपणाऱ्याकडूनही तो जंतू येऊ शकतो. अपुऱ्या खाण्याने खंगलेल्या शरीरात तो लवकर फोफावतो.

2024 मध्ये एमडीआर टीबीसाठी बेडाक्विलिन या नव्या औषधासह चार औषधांच्या सहा महिन्यांच्या उपचाराला भारतात मान्यता मिळाली. पूर्वी नऊ ते वीस महिने, कधी त्याहूनही जास्त लागत. पण बेडाक्विलिनला न जुमानणारे जंतूही अनेक देशांत सापडू लागले आहेत. थुंकीतल्या जंतूची जनुकं तपासणाऱ्या सीबीनाट या नेहमीच्या तपासणीत फक्त रिफाम्पिसिनचा प्रतिकार कळतो. बेडाक्विलिनसाठी सहसा थुंकीचं कल्चर करावं, म्हणजे जंतू प्रयोगशाळेत वाढवून बघावं लागतं आणि त्याच्या निकालाला कित्येक आठवडे जातात.