आधी कोपर मोजा, मग वस्तू निवडा

स्वयंपाकघरातली उपकरणं घेताना आणि मांडताना : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

दुकानात पाऊल टाकल्यावर पहिले प्रश्न ठरलेले असतात. किती वॉटचा? किती लिटरचा? वॉरंटी किती वर्षांची? हे विचारायलाच हवं. पण "हे ठेवणार कुठे आणि वापरणार कोण?" हा प्रश्न बहुतेक वेळा आम्हालाच विचारावा लागतो, आणि त्यावर घरातली माणसं एकमेकांकडे बघायला लागतात.

साडेसातशे वॉटचा चांगला मिक्सर घ्यायचा आणि तो खालच्या ट्रॉलीत कोंबायचा, मग रोज कमरेत वाकून पाच किलोचं ते धूड ओट्यावर चढवायचं, हे आम्ही घरोघरी बघतो. थोड्याच दिवसांत त्या घरात ओली चटणी फक्त सणावारी होते. मिक्सरमध्ये काही खोट नसते, त्याची जागा चुकलेली असते. म्हणून हे पत्रक. यात कुठल्याही कंपनीची जाहिरात नाही. काही ठिकाणी तर आम्ही "नवीन घेऊ नका, आहे ते हलवा" असंच सांगितलं आहे.

ओटा आणि शेगडी

घरात जशा वावरता तसं, म्हणजे चपला घालत असाल तर चपला घालून, ताठ उभं राहा. हात कोपरात काटकोनात वाकवा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत टेप लावा. पाच फूट उंचीच्या बाईचं हे माप साधारण ३७-३८ इंच भरतं. भाजी चिरायची जागा त्याच्या चार-पाच इंच खाली हवी, म्हणजे ३३ इंचांच्या आसपास. फ्लॅटमधला तयार ओटा बहुधा ३३-३४ इंचांचाच असतो, त्यामुळे चिरण्यापुरता तो चालून जातो. कणीक मळायला किंवा भाकरी थापायला मात्र वरून जोर द्यावा लागतो, त्यासाठी आणखी तीन-चार इंच खाली जागा लागते. कित्येक बायका अजूनही परात जमिनीवर घेऊन बसतात त्याला जुनी सवय म्हणून हसू नये, त्यांचा हिशोब अगदी बरोबर आहे.

खरी अडचण पुढे आहे. या ३३ इंची ओट्यावर शेगडी ठेवली की भांडं जिथे टेकतं ती जाळी जाते ३८ इंचांवर. त्यावर आठ इंच उंचीचा कुकर चढवला की झाकण ४६ इंचांवर. आणि आपल्या पाच फुटी बाईचा खांदा असतो ४९ इंचांवर! म्हणजे झाकण लावताना, पातेल्यातली उसळ ढवळताना हात जवळजवळ खांद्याच्या रेषेत उचललेला राहतो, तोही दोन्ही वेळच्या स्वयंपाकात. खांदा भरून येतो तो वयाने असं धरून चालतात, पण बऱ्याचदा तो शेगडीच्या पाच आणि कुकरच्या आठ अशा या तेरा इंचांनी भरून येतो.

घराचं काम चालू असेल तर गवंड्याला आजच सांगा : शेगडीपुरता ओटा चार-पाच इंच खाली घ्यायचा. कडाप्पा असो की ग्रॅनाइट, त्याला फार जास्तीचा खर्च नसतो, फक्त आधी सांगावं लागतं. ओटा तयार असेल तर दगडात कापून बसवायची शेगडी, म्हणजे हॉब, हा पर्याय आहे. तिच्या जाळ्या ओट्यापासून फार वर येत नाहीत. पण हॉब बसवण्याआधी दोन गोष्टी बघा. एक, दगड कापायला खाली जागा आहे का. दोन, तुमच्या घरात मोठी पातेली, पुरणाची कढई वगैरे चढते का. काही हॉबमध्ये बर्नर इतके जवळजवळ असतात की एक कढई ठेवली की शेजारचा बर्नर बंदच ठेवावा लागतो. दुकानात येताना तुमची सर्वांत मोठी कढई पिशवीत घालून आणा आणि हॉबवर ठेवून बघा. आम्हाला त्यात काही विचित्र वाटत नाही.

उंची कमी पडते म्हणून पायाखाली पाट किंवा छोटं स्टूल घेऊ नका. हातात गरम भांडं असताना मागे सरकलं की पाय हवेत जातो.

उंच माणसांचा त्रास वेगळा, आणि तो सिंकपाशी होतो. सिंकचा तळ ओट्यापासून आठ-नऊ इंच खाली असतो. पावणेसहा फुटी माणूस भांडी घासायला उभा राहिला की कमरेतून वाकलेलाच. सिंकमध्ये तीन-चार इंच उंचीची स्टीलची जाळी किंवा उंच पायांचा स्टँड टाकला तरी फरक पडतो, नवीन सिंकची गरज नसते.

गॅस की इंडक्शन

जमिनीवर बसून स्वयंपाक करायची सवय असलेल्या आजी अजून पुष्कळ घरांत आहेत. त्यांच्यासाठी शेगडी खाली ठेवली जाते आणि सिलिंडर शेजारी उभा असतो. हे करू नका. शेगडी नेहमी सिलिंडरच्या माथ्यापेक्षा वरच्या पातळीवर हवी, आणि सिलिंडर नेहमी उभा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर तो जमिनीलगत साठतो, म्हणजे नेमका आजींच्या पुढ्यात. बसूनच करायचं असेल तर चौरंगावर इंडक्शन ठेवा. त्यात ज्योत नाही, पदर पेटायची भीती नाही, आणि टायमर लावला की दूध तापवायला ठेवून विसरलं तरी ते आपोआप बंद होतं. लहान मूल रांगत असेल तर मात्र चौरंगाचा विचार सोडा. भांडं उतरवल्यावर काच बराच वेळ गरम राहते.

इंडक्शन घ्यायच्या आधी घरातल्या भांड्यांना लोहचुंबक लावून बघा. जिथे चिकटतो ती भांडी चालतील. ॲल्युमिनियमची आणि पितळेची चालत नाहीत, आणि स्टीलची सगळीच चालतील असंही नाही. घरात कोणाला पेसमेकर बसवला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय इंडक्शन घेऊ नका, आम्ही देणार पण नाही.

भरलेला १४.२ किलोचा सिलिंडर सांगाड्यासकट तीस किलोच्या घरात जातो. चाकाच्या स्टँडला दोन-तीनशे रुपये घालवायला मागेपुढे पाहू नका. सुरक्षा होज, म्हणजे गॅसची नळी, पाच वर्षांनी बदलायची, तारीख तिच्यावरच छापलेली असते. रेग्युलेटरपर्यंत हात सहज पोचायला हवा. ट्रॉलीच्या मागे, डब्यांच्या आड दडवलेला रेग्युलेटर रात्री बंद होत नाही. गळतीचा वास आला तर १९०६ हा क्रमांक आहे, तो ओट्यावरच्या टाइलवर मोठ्या अक्षरात चिकटवून ठेवा.

फ्रिज आणि मायक्रोवेव्हची दारं

बहुतेक फ्रिजचं दार उजवीकडे बिजागरीवर असतं आणि डावीकडून उघडतं. म्हणून फ्रिज ओट्याच्या उजव्या टोकाला ठेवला तर आतलं भांडं काढून थेट ओट्यावर ठेवता येतं. डाव्या टोकाला ठेवला की उघडं दार तुमच्या आणि ओट्याच्या मध्ये भिंतीसारखं उभं राहतं, आणि गरगरीत भरलेलं वरणाचं पातेलं घेऊन त्याला वळसा घालावा लागतो. मायक्रोवेव्हचं नेमकं उलटं. त्याची बिजागरी जवळजवळ नेहमी डावीकडे असते, म्हणून मोकळी जागा त्याच्या उजव्या हाताला ठेवा.

फ्रिज कोपऱ्यात भिंतीला चिकटवला की दार पुरतं उघडत नाही, आणि दार पुरतं न उघडल्यामुळे खालचा भाजीचा ट्रे बाहेर येत नाही. बिजागरीच्या बाजूला काही इंच सोडा. किती सोडायचं ते त्या त्या मॉडेलच्या पुस्तिकेत दिलेलं असतं.

गुडघे किंवा कंबर धरलेली असेल तर फ्रीजर खाली असलेला फ्रिज बघा. भाज्या, दूध, दही, रोजची उघडझाप सगळी छातीच्या उंचीवर येते, आणि महिन्यातून चार वेळा लागणारा बर्फ खाली जातो. एकदारी फ्रिजच घ्यायचा असेल तर खाली कांदे-बटाट्यांचा ड्रॉवर असलेला घ्या. कांदे त्यात ठेवा न ठेवा, त्या ड्रॉवरमुळे फ्रिज वर उचलला जातो, आणि खरा फायदा तो आहे.

मायक्रोवेव्ह फ्रिजच्या डोक्यावर ठेवायची पद्धत कोणी पाडली कोण जाणे. उकळता रस्सा डोळ्यांच्या उंचीवरून खाली घ्यायचा म्हणजे एक दिवस तो अंगावर येणारच. मायक्रोवेव्हचा तळ कोपराच्या पातळीला किंवा थोडा खालीच हवा.

गोल बटणं, मोठे आकडे

घरातल्या वयस्कर माणसांसाठी मायक्रोवेव्ह घेत असाल तर सर्वांत स्वस्त प्रकार मागा, ज्याला दोन गोल बटणं असतात. एक फिरवलं की किती तापवायचं, दुसरं फिरवलं की किती मिनिटं. तो दुकानात मागच्या फळीवर असतो, कारण त्यात दुकानदाराला सुटत काही नाही. पण ज्यांना कमी दिसतं, ज्यांचा हात थरथरतो, त्यांना चकचकीत काचेवरची स्पर्शाची बटणं अजिबात उपयोगाची नाहीत. बोटाला काही लागतच नाही. कमी दिसणाऱ्यांसाठी गोल बटणाच्या "बंद" खुणेवर नेलपॉलिशचे दोन-तीन थर द्या. वाळल्यावर टणक उंचवटा होतो, बोटाला कळतो. शेगडीच्या बटणांनाही तेच करा.

ज्यांना कमी ऐकू येतं त्यांची पंचाईत कुकरपाशी होते, कारण आपला सगळा स्वयंपाक शिट्ट्यांवर मोजलेला! अशा घरात भातासाठी विजेचा कुकर बरा. झाला की दिवा बदलतो. डाळीसाठी मोबाइलवर टायमर लावायचा आणि तो थरथरेल असा करून खिशात ठेवायचा.

लकव्यामुळे एकच हात चालत असेल तर दोरी ओढायचा चॉपर आणू नका. तो एका हाताने धरून दुसऱ्याने ओढायचा असतो, आणि भेट म्हणून नेमका तोच दिला जातो. त्यापेक्षा वरून दाबायचा विजेचा चॉपर, खाली ओलं फडकं.

कडेला एक सूचना. पुष्कळ स्वयंपाकघरांत ट्यूबलाइट पाठीमागच्या भिंतीवर असते. उभं राहिलं की आपलीच सावली विळीवर, सुरीवर. वरच्या कपाटांच्या खालून एक एलईडी पट्टी लावा. दृष्टी अधू असलेल्यांना नवीन मिक्सरपेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

चाकाच्या खुर्चीवरून स्वयंपाक

केंद्र सरकारची २०२१ ची सार्वत्रिक सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वं मुख्यतः सार्वजनिक इमारतींसाठी आहेत, पण घरातल्या कामालाही त्यातली मापं उपयोगी पडतात. खुर्ची वळायला १,५०० मिलिमीटर, म्हणजे साधारण पाच फूट व्यासाची मोकळी जागा. दरवाजा ९०० मिलिमीटरचा. आपल्या फ्लॅटमध्ये दोन्ही सहसा मिळत नाहीत हे आम्हालाही माहीत आहे. म्हणून सगळा ओटा तोडायच्या फंदात न पडता एकच तुकडा नीट करा : तीन फूट रुंद, ३० इंच उंच, खाली ट्रॉली नाही, गुडघे आत जातील असा. त्यावर इंडक्शन, शेजारी मिक्सर, दोन्ही कायम जोडलेले. सिंक पाच-सहा इंचच खोल, आणि त्याखालच्या पाइपला कापडी किंवा फोमची गुंडाळी, गरम पाण्याने गुडघा भाजू नये म्हणून. खुर्चीवरून हात जमिनीपासून साधारण सव्वा ते चार फुटांपर्यंत पोचतो. चिमणीची बटणं त्याच्या वर जातात, तेव्हा चिमणी रिमोटची घ्या.

पाणी शुद्ध करायचं यंत्र असं लावा की तोटीचं ठिबकणं सिंकमध्येच पडेल. फरशीवर पडलेलं पाणी खुर्चीला फारसं नडत नाही, पण कुबडी घेऊन चालणाऱ्याला पाडतं.

घरघंटी घेणाऱ्यांनी एवढंच बघावं : धान्य ओतायचं तोंड कमरेच्या उंचीवर येतं का, आणि पिठाचा डबा गुडघे न टेकता ओढता येतो का. ती चाकांवर असते म्हणून रोज ढकलायची वस्तू नव्हे. एकदा सपाट जागी, शेगडीपासून लांब, तिथेच राहू द्या.

बोर्ड

छोट्या सॉकेटमधून सहा अँपिअर वीज घेता येते, म्हणजे २३० व्होल्टला साधारण १,३८० वॉट. इंडक्शन २,००० वॉटचं असतं, किटली बहुधा १,५०० ची. ही दोन्ही मोठ्या सोळा अँपिअरच्या सॉकेटवरच लागतात. मिक्सर छोट्यावर चालतो. एक्स्टेंशन बोर्ड ओट्यावर नको, ओल्या हाताचा आणि त्याचा संबंध येऊ देऊ नका. बोर्ड शेगडीच्या मागे असेल तर बटण दाबायला ज्योतीवरून हात न्यावा लागतो. तो हलवून बाजूला घ्यायला वायरमनचं अर्ध्या दिवसाचं काम असतं. घरात आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की पुरवठा आपोआप तोडणारी कळ, बसवलेली नसेल तर उपकरण नंतर घ्या, आधी ती बसवा.

दुकानात येताना

कोपराचं माप, ओट्याची उंची, जागेची लांबी-रुंदी, बोर्डाचा मोबाइलवर काढलेला फोटो, आणि शक्य असेल तर ज्यांनी वापरायचं आहे ते माणूस. मुलगा पुण्याहून पैसे पाठवतो, सून मॉडेल निवडते आणि वापरतात सासूबाई, अशी खरेदी परत आलेली आम्ही पुष्कळ पाहिली आहे. आईंना घेऊन या. दुकानात ओट्याच्या उंचीचं टेबल ठेवलं आहे, त्यावर मिक्सरचं भांडं स्वतः बसवून बघा, कुकरचं झाकण लावून बघा, फ्रिजचा खालचा ट्रे ओढून बघा. चढून यायला जमत नसेल तर फोन करा, आमचा माणूस टेप घेऊन घरी येईल. त्याचे पैसे नाहीत.

मोठी वस्तू घरी पोचली की ती ठरलेल्या जागी लावून, दार पूर्ण उघडून, सॉकेटला जोडून दाखवल्याशिवाय पावतीवर सही करू नका. आणि फ्रिज घ्यायच्या आधी जिन्याच्या वळणाचं माप तेवढं घ्या.