वाळूचा दांडा दरवर्षी का फोडतात?

काही महिन्यांपूर्वी एका परिचिताने मला एक छोटी चित्रफीत पाठवली. लांबलचक, ओसाड पुळणीवर दोन खोदाई यंत्रे वाळू उपसत आहेत, खणलेल्या चरातून गढूळ पाणी समुद्राकडे धावू लागले आहे आणि काठावर उभे असलेले लोक टाळ्या वाजवत आहेत, एवढेच तिच्यात होते. खाली लिहिले होते, ‘संरक्षित पाणथळ जागेची राजरोस हत्या’. जागा मी लगेच ओळखली, कारण गेल्या मार्चअखेरीस त्याच पुळणीवर मी दोन दिवस काढले होते. त्या दोन दिवसांत जे पाहिले ते आठवून हे लिहायला बसलो आहे, कारण चित्रफितीत जे दिसते ती हत्या नसून त्या सरोवराला वर्षातून एकदा मिळणारा श्वास आहे.

पोर्तुगालच्या आलेंतेजु प्रांताच्या अटलांटिक किनाऱ्यावरचे सांतु आंद्रे हे ते खाजण सरोवर. लिस्बनहून दक्षिणेकडे मोटारीने दोनेक तासांत तेथे पोहोचता येते. थोडे पुढे सिनेश हे बंदराचे गाव आहे आणि वास्को द गामाचा जन्म तेथेच झाला असे मानले जाते. १९९६ साली सांतु आंद्रेला रामसर कराराखाली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला आणि २००० साली हे सरोवर व दक्षिणेचे सांशा हे छोटे सरोवर मिळून राखीव निसर्गक्षेत्र घोषित झाले. जुलै-ऑगस्टची गर्दी सोडली तर पुळण जवळजवळ रिकामी असते. मी गेलो तेव्हा दूरवर गळ टाकून बसलेले दोघे जण आणि एक कुत्रे, एवढीच वस्ती होती. एका अंगाला अटलांटिकची अखंड गाज, दुसऱ्या अंगाला बोरूच्या बेटांनी वेढलेले निवांत पाणी आणि या दोहोंच्या मध्ये चालत दोन-तीन मिनिटांत ओलांडता येईल असा वाळूचा दांडा.

सरोवराच्या काठावर दुर्बीण डोळ्यांना लावली आणि पहिला दिसला तो वारकरी. काळाभोर देह आणि कपाळावर पांढरा टिळा असलेला हा पाणपक्षी हिवाळ्यात आपल्या उजनीवर आणि जायकवाडीवर ज्यांनी पाहिला असेल त्यांना तो येथेही ओळखीचाच वाटेल, कारण जात तीच आहे. मोठी लालसरी आणि जांभळा बगळा हे आपल्याकडचे आणखी दोन परिचित पक्षीही या सरोवरावर असतात.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. सांतु आंद्रेला मिळणारे ओढे हिवाळ्यातील पावसाचे पाणी आणतात, पण दांड्यामुळे ते समुद्रात जाऊ शकत नाही आणि सरोवराची पातळी चढत जाते. जसेच्या तसे सोडले तर पाणी आजूबाजूच्या सखल शेतांत शिरते, ओढ्यांबरोबर आलेली खतद्रव्ये आणि गाळ आतच साठतात, उन्हाळ्यात शेवाळ माजते आणि तळाचा प्राणवायू संपून मासे मरतात. म्हणून निदान सतराव्या शतकापासून येथील लोक वर्षातून एकदा हा दांडा हाताने फोडत आले आहेत. पूर्वी त्यासाठी फावडी आणि बैलांच्या जोड्या लागत, आता यंत्रे येतात. संरक्षण म्हणजे हात न लावणे, हा आपल्याकडे फार पसरलेला समज आहे. ज्या जागेत माणूस तीन-चारशे वर्षे मिसळून गेला आहे, तेथे हात काढून घेणे हीसुद्धा एक ढवळाढवळच ठरते, याचा विचार तो समज बाळगणारे करत नाहीत.

दांडा फोडण्याची वेळ मार्चमधील विषुवदिनाच्या आसपासच्या उधाणाची असते आणि या निवडीत खरे विज्ञान आहे. अमावास्येला व पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत येतात, त्यांचे ओढणे एकवटते आणि उधाणाची भरती येते, हे शाळेत शिकलेले असते. शाळेत सहसा सांगत नाहीत ते असे की, दिवसातून दोनदा येणाऱ्या भरतीचा जोर सूर्य आणि चंद्र विषुववृत्ताच्या किती जवळ आहेत यावरही ठरतो. विषुवदिनी सूर्य नेमका विषुववृत्तावर असतो आणि अमावास्या-पौर्णिमेचा चंद्रही त्याच्या आसपासच राहतो, म्हणून त्या काळातील उधाणे वर्षातील सर्वांत मोठी. जून किंवा डिसेंबरमध्ये सूर्य साडेतेवीस अंश दूर असतो, तेव्हा त्याचा या भरतीतील वाटा सुमारे सहाव्या हिश्शाने घटतो. भरती मोठी म्हणजे ओहोटीही तितकीच खोल. पोर्तुगालच्या या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतील फरक सरासरी दोन मीटर असतो, तो अशा उधाणांना साडेतीन मीटरच्या आसपास जातो. सरोवर हिवाळ्याच्या पावसाने काठोकाठ भरलेले आणि समुद्र वर्षातील सर्वांत खाली, असा योग साधून दांडा फोडला की दोन्ही पाण्यांतील उंचीचा फरक जास्तीत जास्त मिळतो.

येथेच एक गोष्ट सांगून टाकतो. ‘सुपरमून’च्या दिवशी भूकंप होतील, समुद्र खवळून किनारे गिळेल, असे संदेश दरवर्षी फिरतात. चंद्र पृथ्वीच्या सर्वांत जवळ आला की त्याचे भरती आणणारे बल सरासरीपेक्षा वीस-पंचवीस टक्क्यांनी वाढते. ही वाढ खरी आहे, पण ती पंचांगाप्रमाणे आधी मोजता येते आणि तिच्यामुळे किनाऱ्यावरच्या पाण्यात जो फरक पडतो तो एका साध्या वादळाने पडणाऱ्या फरकापेक्षा कमी असतो. सांतु आंद्रेचे शेतकरी आणि कोळी शतकानुशतके हेच आकाश पाहून दांडा फोडण्याचा दिवस ठरवत आले आणि त्यांनी त्यातून भीती नव्हे, उपयोग काढला.

दांडा फोडल्यावर जे घडते ते मला या सगळ्यात सर्वांत विलक्षण वाटते. यंत्र खणते तो चर अगदी अरुंद असतो आणि उरलेले काम पाणी करते. दोन मीटर उंचीवरून सुटलेल्या पाण्याला, घर्षण धरलेच नाही तर, सेकंदाला सहा मीटरहून थोडा अधिक वेग यायला हवा. प्रत्यक्षात घर्षणामुळे तो पुष्कळ कमी होतो, तरीही वाळूचा कण हलवायला सेकंदाला अर्धा मीटर वेगसुद्धा पुरेसा असतो. शिवाय प्रवाह किती वाळू वाहून नेईल हे वेगाच्या किमान तिसऱ्या घातावर ठरते. वेग दुप्पट झाला की वाळू आठपट किंवा त्याहूनही अधिक जाते. वाळू गेली की चर खोल होतो, खोल झाला की पाणी अधिक येते, अधिक पाणी आणखी वाळू नेते आणि काही तासांत पाच पावलांचा चर ओळखू न येण्याइतका रुंद होतो. त्या चित्रफितीत एक फार सुंदर दृश्य टिपले गेले आहे. गढूळ प्रवाहाच्या मधोमध ओळीने सात-आठ लाटा एकाच जागी उभ्या आहेत. त्या हळूहळू उंच होतात, फुटतात आणि पुन्हा उभ्या राहतात. पाणी लाटांच्या स्वतःच्या वेगापेक्षा जास्त वेगाने धावू लागले की हे घडते. त्या प्रत्येक लाटेखाली तळाच्या वाळूचाही तसाच एक उंचवटा असतो आणि प्रवाह समुद्राकडे जात असताना हा उंचवटा उलट, सरोवराच्या दिशेने सरकतो, कारण त्याच्या समुद्राकडच्या उतारावरून वाळू खरवडली जाते आणि सरोवराकडच्या उतारावर ती साचते.

मी पोहोचलो तेव्हा दांडा फोडून दोन आठवडे झाले होते आणि मुख मिटू लागले होते. हे मिटणे कसे होते ते पाहायला मी ओहोटीच्या वेळी पाण्याच्या रेषेवर उकिडवा बसलो. येथील वाळू जाड आहे, साबुदाण्याहून बारीक पण रव्याहून भरड, आणि पुळण चांगलीच उताराची. लाट फुटली की पाण्याचा लोट वाळू घेऊन उतारावर चढतो, क्षणभर थबकतो आणि परत निघतो. पण परतताना त्यातले बरेचसे पाणी जाड वाळूत मुरून गेलेले असते. हात टेकवला होता तेथे बोटांच्या फटींतून पाणी खाली शोषले जाताना स्पष्ट जाणवत होते आणि बोटांमागे दाण्यांचा एक पातळ थर साचून राहिला. वर चढणाऱ्या लोटात बळ जास्त, उतरणाऱ्यात कमी, म्हणून प्रत्येक लाट चिमूटभर वाळू वर ठेवून जाते. दर दहा-बारा सेकंदांनी एक लाट, असे महिनाभर. वाळूचा दांडा बांधला जातो तो असा.

मग मुख उघडे राहायचे तर काय हवे? भरतीला समुद्राचे पाणी आत जाते आणि ओहोटीला बाहेर येते, त्या प्रत्येक खेपेला मुखात पडलेली वाळू धुऊन निघते. एका भरतीत जेवढे पाणी आत-बाहेर करते, त्याच्या प्रमाणात मुखाच्या छेदाचे क्षेत्रफळ ठरते, असा संबंध मॉरो ओ’ब्रायन या अमेरिकी अभियंत्याने १९३१ साली मांडला. सांतु आंद्रेचे पृष्ठ साधारण दोन चौरस किलोमीटर धरू आणि भरतीने त्याची पातळी अर्धा मीटर वर-खाली होते असे समजू, म्हणजे खेपेला दहा लाख घनमीटर पाणी. ओ’ब्रायनच्या सूत्राने त्याला साधारण पासष्ट चौरस मीटरचे मुख शोभते, म्हणजे तीस मीटर रुंद आणि दोन मीटरहून थोडे अधिक खोल. एवढ्या मुखातून एवढे पाणी साडेबारा तासांत आत जाऊन बाहेर यायचे तर प्रवाहाचा कमाल वेग सेकंदाला सुमारे एक मीटर निघतो आणि वाळू धुऊन काढायला नेमका तेवढाच वेग लागतो.

यापुढची पायरी फ्रान्सिस एस्कॉफिए याने १९४० साली घातली. ती थोडी किचकट आहे, पण सोडून देण्यासारखी नाही. मुखाचे क्षेत्रफळ आडव्या अक्षावर आणि त्यातील कमाल वेग उभ्या अक्षावर घेतला तर टेकडीसारखी वक्ररेषा मिळते. मुख फार मोठे असेल तर पाणी पसरून संथ वाहते, फार लहान असेल तर घर्षणामुळे ते आतच पोहोचत नाही, आणि दोहोंच्या मध्ये कोठेतरी वेग कमाल होतो. आता या टेकडीला वाळू धुणाऱ्या वेगाच्या आडव्या रेषेने छेद दिला की दोन छेदबिंदू येतात. उजवीकडच्या बिंदूशी मुख स्थिर असते, कारण थोडी वाळू पडून ते आकसले तर वेग वाढतो आणि ती वाळू धुतली जाते. डावीकडच्या बिंदूच्या पलीकडे गेले की उलटे होते. मुख आकसले तर वेगही घटतो, घटलेल्या वेगात आणखी वाळू बसते आणि परतीचा मार्ग राहत नाही. सांतु आंद्रेची टेकडी मुळातच बुटकी आहे, कारण सरोवर लहान आहे, तर अटलांटिकच्या लाटा मोठ्या आहेत. वायव्येकडून आलेल्या एखाद्या जोरदार लाटांच्या माळेने मुखाला त्या डाव्या उतारावर ढकलले की काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, ते बंद होते.

हाच हिशेब आपल्या किनाऱ्याला लावून पाहण्यासारखा आहे. कोकणातील खाड्या लांब आणि भरतीचा चढ-उतार मोठा, म्हणून त्यांच्या तोंडाशी वाळू साचून नौका अडखळल्या तरी मोठ्या खाड्यांची तोंडे बुजत नाहीत. दक्षिणेकडे जाऊ तशी भरती लहान होत जाते, केरळात ती जेमतेम एक मीटरची उरते आणि तेथे थोट्टप्पळ्ळीसारख्या ठिकाणी पूर टाळण्यासाठी वाळूचा बांध माणसाला फोडावा लागतो. ओडिशातील चिल्काचे मुख सरकत आणि आकसत गेल्याने सरोवर गोडे व गाळाचे होऊ लागले, तेव्हा सप्टेंबर २००० मध्ये तेथे नवे मुख खोदण्यात आले. धोक्यातील पाणथळ जागांच्या रामसर यादीत चिल्काचे नाव १९९३ पासून होते, ते २००२ साली काढले गेले.

सांतु आंद्रेच्या मुखातून आत येणाऱ्यांत एक जीव असा आहे की ज्याच्यासाठी मला हे सर्व लिहावेसे वाटले. युरोपीय ईल हा आपल्या वामेसारखा लांब, निसरडा मासा या सरोवरात मोठा होतो आणि येथील खानावळींत त्याचे कालवण मिळते. त्याचा जन्म मात्र अटलांटिकच्या पलीकडच्या अंगाला, सारगासो समुद्रात होतो. डेन्मार्कच्या योहानेस श्मिट यांनी १९०४ पासून जहाजांवरून जाळी टाकून अधिकाधिक लहान पिल्ले शोधत ही जागा १९२२ साली निश्चित केली. अंडी घालणारा ईल तेथे आजवर कोणीही पाहिलेला नाही. खुणेचे यंत्र लावलेले प्रौढ ईल सारगासोत पोहोचल्याचा पहिला थेट पुरावासुद्धा २०२२ साली हाती आला. पिल्ले समुद्रप्रवाहांबरोबर वाहत युरोपच्या किनाऱ्याला लागतात तेव्हा ती बोटभर लांबीची आणि काचेसारखी पारदर्शक असतात, इतकी की शरीरात डोळे आणि कण्याची रेघ एवढेच उठून दिसते. हिवाळ्यापासून वसंतापर्यंत ती गोड्या पाण्याची चाहूल घेत मुखे शोधतात. हा मासा आता नष्ट होण्याच्या अगदी कड्यावर आहे, म्हणून मार्चमध्ये उघडलेल्या या अरुंद दाराची किंमत मोठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा मुखाशी गेलो. ओहोटी होती. आदल्या दिवशी गुडघाभर असलेला प्रवाह घोट्यापर्यंत आला होता, त्याचा आवाज जवळजवळ थांबला होता आणि समुद्राच्या बाजूला वाळूचा ताजा, गुळगुळीत उंबरठा तयार झाला होता. त्यावरून येणाऱ्या दर चार-पाच लाटांपैकी एखादीच आता सरोवरात पोहोचत होती. जी पिल्ले आत आली ती बोरूच्या मुळांशी वर्षानुवर्षे वाढतील. परतायची वेळ झाली की त्यांची पाठ काळपट आणि पोट चंदेरी होईल, डोळे मोठे होतील, आणि शरद ऋतूत ती निघायला तयार होतील तेव्हा पुढ्यात हाच दांडा असेल.