गावातल्या मेथडिस्ट चॅपलची जुनी नोंद कशी मिळवायची: आधी सर्किट, मग अर्ज

गावाचं नाव घेऊन शोधायला निघालात, तर बहुधा हात हलवत परत याल. इंग्लंडमधल्या ग्रामीण मेथडिस्ट चॅपलच्या बाबतीत हे पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं. (मेथडिस्ट हा एक प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथ, आणि चॅपल म्हणजे त्याचं छोटं प्रार्थनास्थळ.) आपल्याकडे सातबारा गावावर असतो, जन्माची नोंद गावच्या ग्रामपंचायतीत असते, त्यामुळे हात आपोआप गावाच्या नावाकडे जातो. मेथडिस्ट दफ्तर मात्र सर्किटवर चालतं. सर्किट म्हणजे एका-दोन पाळकांच्या फेरीत येणारी दहा-वीस चॅपलं. पाळक कायमचा एका गावात राहत नसे. तो फिरता असे आणि काही वर्षांनी त्याची बदलीही होई. बाप्तिस्म्याची वही अनेकदा त्याच्याबरोबर सर्किटभर फिरायची. त्यामुळे आजोबांच्या आजोबांचा बाप्तिस्मा त्यांच्याच गावातल्या चॅपलात झाला असला, तरी नोंद पाच मैलांवरच्या बाजारगावाच्या नावाने असलेल्या वहीत सापडते.

ही माहिती कोणाला लागते? ब्रिटनमधल्या ज्या मराठी घरांत तिथली सून किंवा जावई आला आहे आणि मुलांना दोन्हीकडची वंशावळ हवी आहे, त्यांना. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना. आणि जुनं चॅपल घर म्हणून विकत घेणाऱ्यांनाही. उदाहरणासाठी मी इंग्लंडच्या नैऋत्य टोकाचं कॉर्नवॉल घेतो, कारण मेथडिस्टपणा तिथल्या खाणींच्या गावांत जितका मुरला तितका फार थोड्या ठिकाणी मुरला असेल. रेडरुथजवळच्या ग्वेनॅप पिटमध्ये, म्हणजे जमीन खचून झालेल्या खळग्यात, मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी १७६२ ते १७८९ या काळात अठरा वेळा उपदेश केला. याच कॉर्नवॉलचे खाणकामगार पुढे कोलारच्या सोन्याच्या खाणीतही आले. कोलारमध्ये एखाद्या कबरीवर कॉर्निश आडनाव दिसलं, तर त्याचा माग रेडरुथपर्यंत जाऊ शकतो.

आधी शाखा ओळखा

सर्किट शोधण्याआधी आणखी एक गाठ सोडवावी लागते. एकाच खेड्यात दोन, कधी तीन मेथडिस्ट चॅपलं असत आणि प्रत्येकाचं सर्किट वेगळं. वेस्ली १७९१ मध्ये वारले आणि सहाच वर्षांत, १७९७ मध्ये, न्यू कनेक्शन ही शाखा वेगळी झाली. मो कॉप टेकडीवर १८०७ मध्ये जे उघड्यावरचं शिबिर भरलं, त्यातून १८११ मध्ये प्रिमिटिव्ह मेथडिस्ट निघाले. डेव्हनमध्ये १८१५ ला विल्यम ओब्रायन यांनी बायबल ख्रिश्चन पंथ काढला. १८५७ मध्ये युनायटेड मेथडिस्ट फ्री चर्चेस आली. त्यानंतर पुन्हा जोडाजोड सुरू झाली: १९०७ मध्ये न्यू कनेक्शन, बायबल ख्रिश्चन आणि फ्री चर्चेस एकत्र आली, आणि १९३२ मध्ये वेस्लियन (वेस्लींची मूळ शाखा), प्रिमिटिव्ह आणि ही एकत्र झालेली तिसरी शाखा मिळून आजचं ब्रिटनचं मेथडिस्ट चर्च बनलं.

नावांनी फसू नका. ‘बायबल ख्रिश्चन’ हे विशेषनाम आहे, बायबल मानणारा कोणीही ख्रिस्ती असा त्याचा अर्थ नाही. ‘प्रिमिटिव्ह’चा अर्थही मागासलेले असा नव्हे, मूळच्या, आरंभीच्या मेथडिस्टपणाकडे परतणारे म्हणून ते नाव. खाणकामगार उपदेशक बिली ब्रे (१७९४–१८६८) बायबल ख्रिश्चन होता. त्याने केर्ली डाउन्सला उभारलेलं चॅपल तीन खिडक्यांमुळे ‘थ्री आइज’ म्हणून ओळखलं जातं. त्याच्या गोतावळ्यातल्या कोणाला वेस्लियन वहीत शोधणं म्हणजे पुण्याच्या माणसाचं नाव नाशिकच्या मतदारयादीत पाहणं.

शाखा कळण्याचे सोपे मार्ग आहेत. चॅपलच्या दर्शनी भिंतीवर बहुधा नाव आणि साल कोरलेलं असतं. ऑर्डनन्स सर्व्हेच्या जुन्या सरकारी नकाशांवर शाखा अनेकदा लिहिलेली असते. आणि ३० मार्च १८५१ ची धार्मिक खानेसुमारी आहेच: त्या रविवारी कोणत्या प्रार्थनास्थळी किती माणसं आली, याचे भरलेले फॉर्म लंडनच्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये एचओ १२९ या क्रमांकाखाली आहेत. त्यात खेड्यातली अगदी लहान चॅपलंही सापडतात.

पात्रता

इथे आपल्या लोकांना आश्चर्य वाटतं: पात्रतेची अट जवळजवळ नाहीच. जुनी, खुली नोंद पाहायला नातं सिद्ध करावं लागत नाही, वारस दाखला लागत नाही, ब्रिटिश नागरिकत्वही लागत नाही. अडचण फक्त अलीकडच्या कागदांची. ज्यात हयात माणसांची खासगी माहिती असू शकते, असे सभासदांचे तपशील किंवा पाळकीय बाबींचे कागद ठरावीक वर्षं बंद असतात. कॅटलॉगमध्ये नोंदीपुढे बंद असल्याचा शेरा दिसला, तर कधी खुलं होईल हे कार्यालयालाच विचारावं.

नोंद कुठे असेल, ते सालावरून

१ जुलै १८३७ ही तारीख लक्षात ठेवा. त्या दिवशी इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, विवाह, मृत्यूची सरकारी नोंदणी सुरू झाली. त्याआधीच्या, इंग्लंडच्या अधिकृत चर्चबाहेरच्या मंडळ्यांच्या वह्या सरकारने मागवून घेतल्या. १८४० च्या कायद्याने त्यांना पुराव्याचं बळ मिळालं. त्या आज क्यूला आरजी ४ या क्रमांकाखाली आहेत, १८५७ मध्ये दुसऱ्या खेपेला आलेल्या आरजी ८ मध्ये. वेस्लियन मंडळींनी तर १८१८ मध्ये लंडनच्या पेटरनोस्टर रो इथे स्वतःचं मध्यवर्ती नोंदणी कार्यालयच काढलं होतं. त्याची प्रमाणपत्रं आरजी ५ मध्ये आहेत आणि ती सापडली तर सोनंच म्हणायचं, कारण त्यात आईच्या आईवडिलांचीही नावं असतात. नेहमीच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचं माहेर असं सहसा हाती लागत नाही. ही सगळी कागदपत्रं आता डिजिटल झाली आहेत. फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर मोफत खातं उघडून नावाने शोध घेता येतो, मूळ पानाची प्रतिमा सशुल्क संकेतस्थळांवर मिळते.

१८३७ नंतरच्या वह्या काउंटीच्या (म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या) रेकॉर्ड ऑफिसात जमा झालेल्या असतात. कॉर्नवॉलपुरतं ते ठिकाण म्हणजे रेडरुथचं क्रेसन केर्नोव, जुन्या दारूभट्टीच्या जागी २०१९ मध्ये उघडलेलं. वही अजून वापरात असेल, तर ती चॅपलात किंवा सर्किटच्या मुख्य पाळकाकडे असते, आणि तिथे सरकारी अर्ज नाही, नम्र पत्र चालतं. सर्किटंही गेल्या काही दशकांत एकमेकांत विलीन झाली आहेत, तेव्हा १८७० चं सर्किट आज दुसऱ्याच नावाखाली असू शकतं.

लग्नाचं गणित निराळं. १७५४ ते १८३७ या काळात क्वेकर हा ख्रिस्ती पंथ आणि ज्यू सोडले तर सगळ्यांना लग्न अधिकृत चर्चमध्येच लावावं लागे. म्हणजे आजोबा कितीही कट्टर मेथडिस्ट असोत, त्या काळातलं लग्न गावच्या अँग्लिकन पॅरिशच्या, म्हणजे अधिकृत चर्चच्या स्थानिक विभागाच्या, वहीतच बघायचं. १८३७ नंतर नोंदणी झालेल्या चॅपलात लग्न लावता येऊ लागलं, पण सरकारी निबंधक हजर हवा. ती अट १८९८ च्या कायद्याने सैल झाली. दफनाचंही तेच. खेड्यातल्या पुष्कळ चॅपलांना स्वतःची दफनभूमी नव्हती, आणि पॅरिशच्या आवारात आपल्या पद्धतीने अंत्यविधी करण्याची मुभा १८८० मध्ये मिळाली. बाप्तिस्मा सापडत नसेल तरी पॅरिशची वही पाहावीच: सुरुवातीची अनेक वेस्लियन कुटुंबं संध्याकाळी चॅपलात आणि मुलाच्या बाप्तिस्म्याला मात्र पॅरिश चर्चमध्ये जात असत.

अर्जात काय लिहायचं

पहिला ईमेल नीट लिहिला तर निम्मं काम होतं. माणसाचं नाव आणि आडनावाच्या शक्य त्या सगळ्या स्पेलिंग्ज, पाच-दहा वर्षांचा पट्टा, गाव, शाखा, सर्किट, कोणत्या प्रकारची वही हवी, आणि आधी कुठे कुठे पाहून झालं. शेवटचा मुद्दा बरेच जण गाळतात आणि मग कार्यालय तेच तेच संकेतस्थळ सुचवतं. ‘माझ्या सासऱ्यांच्या घराण्याची सगळी माहिती पाठवा’ असं लिहू नका; त्याला उत्तर येईल, पण माहिती येणार नाही. नॅशनल आर्काइव्ह्जच्या डिस्कव्हरी कॅटलॉगमध्ये सर्किटचं नाव टाकून वहीचा संदर्भ क्रमांक आधीच काढला, तर अर्ज एका ओळीचा होतो. कॉर्नवॉलसाठी ऑनलाइन पॅरिश क्लार्क्स या स्वयंसेवकांच्या मोफत सूचीत मेथडिस्ट बाप्तिस्मेही आहेत, ती आधी चाळावी.

कार्यालयाकडून शोध करून घ्यायचा तर तासाप्रमाणे शुल्क पडतं. दर जागोजागी वेगळे. स्वतः गेलात तर बहुतेक ठिकाणी वाचन मोफत, फोटो काढायला मात्र परवाना आणि कधी पैसे. जायच्या आधी जागा आणि कागद दोन्ही आरक्षित करा. मूळ वही दूरच्या गोदामात असेल तर त्याच दिवशी हाती येत नाही.

कागदपत्रं

अनेक काउंटी कार्यालयांत आर्काइव्ह्ज कार्ड हे वाचकपत्र चालतं. ते मोफत आहे आणि पाच वर्षं टिकतं. आधी ऑनलाइन नोंदणी, मग कार्यालयात जाऊन मूळ कागद दाखवायचे: एक नावाचा, एक पत्त्याचा. आपलं कार्यालय या योजनेत आहे का, ते त्याच्या संकेतस्थळावर पाहा. क्यूला वेगळं वाचकपत्र लागतं, तिथेही नावाचा आणि पत्त्याचा असे दोन पुरावे. भारतातून जाणाऱ्याने आधारवर विसंबू नये. पासपोर्ट आणि इंग्रजीत पत्ता लिहिलेलं ताजं बँक स्टेटमेंट जवळ ठेवावं. वाचनालयात पेन चालत नाही, पेन्सिल न्या. ही सूचना क्षुल्लक वाटते, पण दारात पेन काढून घेतलं की पंचाईत होते.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. बाप्तिस्म्याचा उतारा म्हणजे जन्मदाखला नव्हे. व्हिसा, वारसा किंवा भारतातल्या कोणत्याही कचेरीसाठी १८३७ नंतरचा कागद हवा असेल, तर जनरल रजिस्टर ऑफिस या सरकारी नोंदणी कार्यालयाकडून प्रमाणित प्रत मागवा. २०२४ पासून साधी प्रत १२.५० पौंडांना मिळते. अर्ज कोणीही करू शकतो. फक्त गेल्या पन्नास वर्षांतला जन्म असेल तर नेमकी तारीख, ठिकाण, आईवडिलांची नावं असे जास्त तपशील द्यावे लागतात. भारतात दाखवायची असेल तर तिच्यावर ब्रिटनच्या परराष्ट्र खात्याच्या कार्यालयाकडून अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य ठरवणारा शिक्का, करून घ्यावा.

बाप्तिस्म्यापलीकडचे कागद

खरा इतिहास इथे आहे, आणि लोक इथवर येतच नाहीत. सर्किटचा ‘प्लॅन’ म्हणजे तीन महिन्यांचा छापील तक्ता. डावीकडे चॅपलांची यादी, वर रविवारच्या तारखा, चौकटींत आकडे. प्रत्येक आकडा म्हणजे एक उपदेशक. एसटीचं वेळापत्रकच, फक्त बसऐवजी माणसं, आणि बहुतेक पायी जाणारी. कोणत्या रविवारी कोण कुठे बोलला, हे त्यावरून कळतं. खाणीत किंवा शेतात राबणारा पणजोबा त्या यादीत आकडा होऊन सापडू शकतो.

‘क्लास’ची तिकिटं अशीच. क्लास म्हणजे आठवड्याला जमणारा छोटा गट. ही पद्धत १७४२ मध्ये ब्रिस्टलच्या सभागृहाचं कर्ज फेडायला दर माणशी आठवड्याला एक पेनी गोळा करण्यातून निघाली. सुरुवात पैशांच्या हिशेबाने झाली, आणि मग त्यातून एकमेकांची विचारपूस, पापकबुली, प्रार्थना उगवली. तिकीट तिमाहीला मिळे, त्यावर बायबलचं वचन आणि हाताने लिहिलेलं सभासदाचं नाव. विश्वस्तांच्या हिशेबवह्या, रविवारच्या शाळेची हजेरीपुस्तकं हेही मागवून पाहावं. दिव्याचं तेल, कोळसा, बाकांचं भाडं, छपराची डागडुजी: गाव कसं चाललं होतं ते तिथे कळतं.

वेस्लियन कुटुंब असेल तर ‘हिस्टॉरिक रोल’ विसरू नका. विसाव्या शतकाच्या तोंडावर दहा लाख सभासदांकडून दहा लाख गिनी (जुनं ब्रिटिश चलन) जमवायच्या असा संकल्प झाला. देणाऱ्यांची नावं पन्नास जाडजूड खंडांत लिहिली गेली. ते लंडनच्या वेस्टमिन्स्टर सेंट्रल हॉलमध्ये आहेत. देशपातळीवरची परिषदेची आणि पाळकांची कागदपत्रं मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयात, तर परदेशी मिशनचं दफ्तर लंडनच्या सोआस या विद्यापीठीय संस्थेत. प्रिमिटिव्ह शाखेसाठी चेशरमधलं एंगलसी ब्रूकचं संग्रहालय आहे, तेही एका जुन्या चॅपलातच.

महाराष्ट्रातल्या वाचकासाठी

मुंबई-पुण्याच्या मेथडिस्ट कुटुंबांनी वरची सगळी वाट धरू नये. इथला मेथडिस्टपणा मुख्यतः अमेरिकेतून आला. अमेरिकन उपदेशक विल्यम टेलर १८७१ च्या अखेरीस मुंबईत आले, मिशनरी जॉर्ज बोवेन त्यांना मिळाले, आणि त्यातून मेथडिस्ट एपिस्कोपल या अमेरिकन शाखेच्या मंडळी उभ्या राहिल्या. आजचं मेथडिस्ट चर्च इन इंडिया १९८१ मध्ये स्वायत्त झालं. ब्रिटिश परंपरेच्या मेथडिस्ट मंडळी मात्र २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाल्या. आणि अहमदनगरकडचं अमेरिकन मराठी मिशन मेथडिस्ट नव्हतंच, ते काँग्रिगेशनल या वेगळ्या प्रॉटेस्टंट पंथाचं. ‘अमेरिकन’ एवढ्यावरून घोटाळा होतो.

म्हणून आजीच्या बाप्तिस्म्यासाठी आधी स्थानिक मंडळीच्या पाळकांकडे जावं, वही बहुधा तिथेच असते. मिशनरींची पत्रं, अहवाल हवे असतील तर न्यू जर्सीतल्या मॅडिसन गावी, ड्र्यू विद्यापीठाच्या आवारात युनायटेड मेथडिस्ट चर्चचं अभिलेखागार आहे. त्यांना लिहिताना खेड्याच्या नावाआधी त्या काळच्या कॉन्फरन्सचं (म्हणजे चर्चच्या प्रादेशिक विभागाचं) आणि मिशनरीचं नाव लिहा.