पुलित्झर पुरस्कार

अमेरिकेत पत्रकारिता, साहित्य, नाटक आणि संगीतासाठी दरवर्षी मिळणारे पुरस्कार. न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ यांचा कारभार बघतं, आणि पहिले पुरस्कार १९१७ ला दिले गेले.

ज्याच्या नावाने हे आहेत तो जोसेफ पुलित्झर मूळचा हंगेरीचा, १८६४ मध्ये अमेरिकेतल्या यादवी युद्धासाठी सैनिक म्हणून भरती होऊन तिकडे आला, आणि पुढे १८८३ ला त्याने 'न्यूयॉर्क वर्ल्ड' हा पेपर विकत घेतला. गंमत बघा, हर्स्ट नावाच्या दुसऱ्या मालकाच्या पेपरशी खपाची मारामारी चालू असताना यानेच मसालेदार बातम्या आणि भडक मथळे एवढे छापले की पीत पत्रकारिता हा शब्दच त्या भांडणातून आला! १९११ ला गेला तेव्हा मृत्युपत्रात कोलंबियाला २० लाख डॉलर ठेवून गेला, त्यातून पत्रकारितेचं कॉलेज आणि हे पुरस्कार.

प्रत्येक विभागाची ज्युरी असते, ती तीन नावं काढते, आणि त्यातून विजेता ठरवतं पुलित्झर बोर्ड. बक्षीस १५,००० डॉलर. फक्त लोकसेवेच्या विभागात पैसे नाहीत तर सोन्याचं मेडल, आणि ते पेपरला मिळतं, एका माणसाला नाही. मेडलच्या एका बाजूला बेंजामिन फ्रँकलिन आणि दुसऱ्या बाजूला उघड्या अंगाने छापखान्याच्या यंत्रावर राबणारा कामगार. मला ती दुसरी बाजू जास्त आवडते.

बोर्डाला एकही नाव पसंत पडलं नाही तर ते पुरस्कारच देत नाही, आणि खरे वाद इथेच होतात. १९७४ ला कादंबरीच्या ज्युरीतल्या तिघांनी एकमताने थॉमस पिंचनच्या कादंबरीचं नाव दिलं, बोर्डाला ते पुस्तक वाचवेना, त्यावर्षी कोणालाच काही नाही. २०१२ ला परत तेच, तीन नावं होती पण बहुमत कुणालाच मिळालं नाही. संगीतात तर कहर. १९६५ ला ज्युरीने जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टनच्या एकूण कामासाठी खास सन्मान सुचवला, बोर्ड नाही म्हणालं, ज्युरीतल्या दोघांनी राजीनामे दिले. एलिंग्टन तेव्हा ६६ वर्षांचा, तो म्हणाला की इतक्या लहान वयात मी फार प्रसिद्ध व्हावं असं नशिबाला वाटत नसावं. सन्मान दिला तो १९९९ ला, म्हणजे तो जाऊन २५ वर्षं झाल्यावर. जॅझला पहिला पुरस्कार १९९७ ला (विंटन मार्सालिस) आणि २०१८ ला थेट रॅपर केंड्रिक लमार.

पत्रकारितेत देशाची अट नाही, काम अमेरिकेतल्या माध्यमात आलेलं असलं की झालं, म्हणून आपल्याकडचे लोकही यादीत दिसतात. गोबिंद बिहारी लाल यांना १९३७ मध्येच मिळाला, विज्ञानाच्या बातम्यांसाठी, इतर चौघांबरोबर. पुस्तकांमध्ये झुंपा लाहिरी (२०००) आणि सिद्धार्थ मुखर्जी (२०११), कवितेला विजय शेषाद्री (२०१४).

रॉयटर्सचे फोटोग्राफर दानिश सिद्दिकी यांना दोनदा. पहिल्यांदा २०१८ ला रोहिंग्यांच्या फोटोंसाठी टीमबरोबर, आणि दुसऱ्यांदा २०२२ ला भारतातल्या कोविडच्या फोटोंसाठी, पण तोपर्यंत ते अफगाणिस्तानात मारले गेले होते. त्याच दुसऱ्या टीममधल्या काश्मीरच्या सना इर्शाद मट्टू पुरस्कार घ्यायला न्यूयॉर्कला निघाल्या तर त्यांना दिल्ली विमानतळावरच अडवलं, व्हिसा आणि तिकीट दोन्ही हातात असताना.