तारखा आहेत तशाच पाठवा
(कॅथलिक-प्रोटेस्टंट संघर्षावरच्या कादंबऱ्या आमच्याकडे तपासायला देणाऱ्या लेखक-अनुवादकांसाठी)

ऐतिहासिक कादंबरी छपाईला जाण्याआधी आम्ही ती तपासून देतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पूर्वी येणारी बहुतेक हस्तलिखितं शिवकाळाची नाहीतर पेशवाईची असत. आता ह्युगेनॉ (फ्रान्समधले प्रोटेस्टंट), तीस वर्षांचं युद्ध, इंग्लंडची राज्यक्रांती यांवरचंही बरंच येतं आणि आम्हाला ते काम आवडतं. पण या लेखकांचा फोन आला की प्रश्न ठरलेला असतो : "तीनशे पानांना इतके दिवस का लागतात?"

वेळ जातो तो तारखांत. त्यातही तुम्ही चुकवलेल्या तारखांना फारसा लागत नाही, सगळा जातो तो तुम्ही सुधारलेल्या तारखांत.

मूळ भानगड तुम्हाला माहीत असेल, म्हणून थोडक्यात सांगतो. पोप तेराव्या ग्रेगरीनं १५८२मध्ये दिनदर्शिका दुरुस्त केली. स्पेन, पोर्तुगाल, पोलंड आणि इटलीचा बराचसा भाग इथे गुरुवार ४ ऑक्टोबरनंतर एकदम शुक्रवार १५ ऑक्टोबर उजाडला. फ्रान्सनं त्याच वर्षी डिसेंबरात बदल केला. पोपनं सांगितलेली गोष्ट, मग ती गणितानं बरोबर का असेना, मानायला बहुतेक प्रोटेस्टंट राज्यं तयार नव्हती. जर्मनीतल्या प्रोटेस्टंट संस्थानांनी १७०० साल उजाडेपर्यंत जुनी गणना चालवली, इंग्लंडनं १७५२पर्यंत. मधल्या जवळजवळ पावणेदोनशे वर्षांत एकाच दिवसाला युरोपात दोन तारखा होत्या, आधी दहा दिवसांच्या आणि १७००नंतर अकरा दिवसांच्या फरकानं.

आता तुमच्यातले बरेच जण काय करतात? इंटरनेटवरच्या एखाद्या सोयीनं सगळ्या तारखा 'एकसारख्या' करून घेतात आणि साफ टंकलेली प्रत आम्हाला पाठवतात. कुठली तारीख मूळची आणि कुठली फिरवलेली, याची खूण कुठेच नसते. मग आम्हाला प्रत्येक तारीख परत उकलत बसावं लागतं.

मागे एका हस्तलिखितात एक डच ढोलकरी पोरगा होता. इंग्लंडच्या कॅथलिक राजाविरुद्ध निघालेल्या ऑरेंजच्या विल्यम या प्रोटेस्टंट डच राजपुत्राच्या आरमाराबरोबर तो ११ नोव्हेंबर १६८८ला हॉलंडातल्या हेलेवूटस्लाइस बंदरातून निघतो आणि इंग्लंडात टॉर्बेला ५ नोव्हेंबरला उतरतो. निघण्याच्या आधीच पोहोचला! मूळ नोंदी दोन्ही खऱ्या आहेत. हॉलंडात नवी गणना होती, इंग्लंडात जुनी. लेखकाला हे खटकलं, म्हणून त्यांनी उतरण्याची तारीख १५ केली. हिशेब बरोबर. पण पुढच्याच प्रकरणात गावातले इंग्रज लोक शेकोट्या पेटवून राजाला बंदुकीच्या दारूनं उडवण्याचा कट फसल्याचा दिवस साजरा करत होते. तो कट फसला ५ नोव्हेंबर १६०५ला. विल्यम नेमका त्याच तारखेला उतरला, हे तिथल्या प्रोटेस्टंटांना देवाचा कौल वाटलं होतं. तारीख १५ झाली आणि प्रसंगातला जीवच गेला.

अशा वेळी आम्ही आधी वार बघतो. दोन्ही गणनांत वार एकच राहतो, कारण पोपनं तारखा गाळल्या, वारांना हात लावला नाही. आरमार गुरुवारी निघालं, सोमवारी किनाऱ्याला लागलं, म्हणजे चार दिवसांचा प्रवास. समासात पेन्सिलीनं 'गुरु' आणि 'सोम' लिहिलं की गुंता सुटतो. तुमच्या मूळ साधनात वार दिलेला असेल तर तो कृपा करून गाळू नका. चंद्राचंही तसंच. तो ना पोपचा, ना ल्यूथरचा. पौर्णिमेचा उल्लेख असेल तर आम्हाला तो तारखेपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

उलटी चूकही होते. पॅरिसमधली ह्युगेनॉंची कत्तल २४ ऑगस्ट १५७२ची. तेव्हा नवी गणना जन्मालाच आलेली नव्हती. तरी एका बाईंनी कष्टानं ती ३ सप्टेंबर करून पाठवली. २४ ऑगस्ट हा संत बार्थोलोम्यूचा सण आणि त्याच्याच नावानं ती कत्तल ओळखली जाते. १५८२च्या आधीचं काहीही हलवू नका, एवढं एक लक्षात ठेवलंत तरी आमचे दोन दिवस वाचतील.

तिसरा घोटाळा जरा नाजूक आहे. 'पात्र प्रोटेस्टंट, म्हणून तारीख जुनी' असं धरू नका. हॉलंड आणि झीलंड हे प्रांत स्पेनच्या कॅथलिक राजाशी लढत असतानाच नव्या गणनेवर गेले होते. त्यांच्या शेजारचा उट्रेख्त मात्र १७००पर्यंत जुन्यावर राहिला. आयर्लंडातला कट्टर कॅथलिक शेतकरीही सरकारी कागदावर जुनीच तारीख बघत होता. माणसाचा धर्म विचारून भागत नाही, तो त्या दिवशी कुणाच्या अमलाखालच्या गावात उभा आहे हे विचारावं लागतं. जर्मनीत तर एका दिवसाच्या प्रवासात तारीख दोनदा बदलायची. आउग्सबुर्गमध्ये दोन्ही पंथांचे लोक राहत होते. कॅथलिकांचं वर्चस्व असलेल्या नगरसभेनं नवी दिनदर्शिका लादली आणि १५८४मध्ये त्यापायी शहरात दंगा उसळला. कादंबरीला याहून चांगली जागा सापडणार नाही. एका घरचा ईस्टर होऊन गेलेला, समोरच्या घरी तो अजून महिनाभर लांब. (होय, ईस्टरचा फरक दहा दिवसांचा नसतो. कधी एकाच रविवारी येतो, कधी पाच आठवडे पुढे जातो. तेवढं आमच्यावर सोडा.)

इंग्लंडचं नवीन वर्षही तेव्हा २५ मार्चला लागायचं. राजा पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद आपण ३० जानेवारी १६४९ म्हणतो, पण तेव्हाच्या इंग्रजी कागदावर साल १६४८च दिसेल. ते 'छपाईची चूक' म्हणून दुरुस्त करणारे आम्हाला वर्षाला दोन तरी भेटतात.

"एवढं काटेकोर कशाला, मराठी वाचकाला काय कळतंय?" असं काही जण म्हणतात. मला हे पटत नाही. महाराजांची जयंती तिथीनं करायची की तारखेनं, यावर ज्याच्या घरात जेवताना वाद झालेला आहे, त्याला दोन पंचांगांचा घोळ समजावून सांगावा लागत नाही. शिवाय आपली ६ जून १६७४ ही राज्याभिषेकाची तारीखही जुन्याच गणनेची आहे. नव्या गणनेनं तो दिवस १६ जून येतो. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ मात्र दोन्हीकडे तीच. सुरतेचे आणि मुंबईचे इंग्रज जुनी तारीख घालत, गोव्याचे पोर्तुगीज नवी. तेव्हा वसई-मुंबई-गोव्यावर लिहिणाऱ्यांनीही हा कागद वाचावा.

आमची पद्धत अशी. हस्तलिखिताबरोबर एक 'तारखांचा ताव' भरून द्यायचा. त्यात पानाचा क्रमांक, साधनात जशी होती तशी तारीख, ती कुठून घेतली आणि पात्र तेव्हा कुठे होतं, एवढंच लिहायचं. ताव आल्याशिवाय आम्ही काम हातात घेत नाही. यावरून काही जण रागावले आहेत, पण ताव भरलेलं काम निम्म्या वेळात होतं. तुमच्या मजकुरात आम्ही परस्पर काही बदलत नाही, फक्त समासात पेन्सिलीचा शेरा असतो. इंग्रज पात्राच्या तोंडी जुनी तारीख ठेवायची आणि निवेदनात नवी, की सगळीकडे एकच, हे लेखकानं ठरवायचं. ठरवलंत की आम्ही शेवटच्या पानापर्यंत ते पाळलं जातंय का बघतो. आधीच फिरवलेल्या तारखांची प्रत आली तर तपासणी दुबार धरली जाते आणि बिलही त्याप्रमाणे येतं.

पहिली वीस पानं आम्ही पैसे न घेता बघून देतो. काम संपल्यावर दोन्ही गणनांचा, वारासकट पूर्ण तक्ता तुम्हाला मिळतो. त्याच काळावर पुढचं पुस्तक लिहिणारे बरेच जण तोच तक्ता परत वापरतात. आमची त्याला काही हरकत नाही.

ल्यूथरन पाळकाला 'फादर' म्हणणं, कॅल्व्हिनपंथी (हेही प्रोटेस्टंटच) चर्चमध्ये संतांच्या मूर्ती आणि मेणबत्त्या लावणं, असल्या चुका नेहमीच्या दरातच बघितल्या जातात.

१७०० ते १७१२ या काळातल्या स्वीडनवर लिहीत असाल तर मात्र आधी फोन करा. त्यांनी हळूहळू नव्या गणनेकडे जायचं ठरवलं, मध्येच सोडून दिलं आणि परत जुन्यावर येण्यासाठी १७१२मध्ये ३० फेब्रुवारी घातली. तो दर वेगळा आहे.